घोडा का अडला?

दर जूनमध्ये सातवीच्या नव्या वर्गाला मी एक कोडं घालत आले. भाकरी का करपली? पानं का सडली? घोडा का अडला? तिन्हीला उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. मुलांना ते आवडतं. मग फळ्याकडे वळून मी म्हणायचे, "गणिताचंही तसंच आहे. पाढे फिरवले नाहीत की ते अडतात." बावीस वर्षं मी हे म्हणत होते, आणि त्या बावीस वर्षांत अडलेल्या घोड्याजवळ एकदाही उभी राहिले नव्हते.

वयाच्या 47व्या वर्षी मी घोडेस्वारी शिकायला गेले. ही इच्छा जुनी होती आणि तिच्याइतकीच भीतीही जुनी. आठ वर्षांची असताना माथेरानला दस्तुरी नाक्यापासून आम्ही घोड्यावरून गावात निघालो होतो. तिथून पुढे मोटारी जात नाहीत. लाल मातीच्या त्या वाटेवर माझा घोडा दरीच्या बाजूने चालू लागला. घोडेवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, वाट त्याच्या आणि घोड्याच्या रोजच्या पायाखालची होती. मी मात्र पूर्ण वाट डोळे मिटून, खोगिराचा पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून बसले होते. खाली उतरल्यावर सगळे म्हणाले, "बघ, काही झालं का?" काही झालं नव्हतं. पण माझ्या पोटऱ्यांना ती वाट अजून आठवते.

मी पहिल्यांदा जिथे शिकायला गेले तिथलं नाव सांगत नाही, कारण तशा जागा पुष्कळ आहेत. सकाळी साडेसहाची तुकडी, रिंगणात सहा घोडे, मधोमध शिक्षक. शिक्षकांचा आवाज खणखणीत होता. "टाचा खाली! पाठ सरळ! घाबरताय कशाला? घोड्याला लगेच कळतं तुम्ही घाबरलात ते!" हे शेवटचं वाक्य ऐकलं की मला घोड्याची भीती वाटायचीच, शिवाय ती घोड्याला कळेल याचीही वाटायची. हात आपोआप आवळले जायचे. मला दिलेला घोडा शर्यतीतून निवृत्त झालेला होता. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून बाहेर पडलेले बरेच घोडे असे शिकवणीच्या ठिकाणी येतात. शर्यतीच्या घोड्याचा लगाम ताणून धरला की तो त्याच्यावर भार टाकून आणखी पुढे रेटतो, धावायला त्याला तसंच शिकवलेलं असतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी घाबरून लगाम ओढायचे, पडू नये म्हणून पाय त्याच्या पोटाला आवळायचे, आणि तो बिचारा दोन्हींचा अर्थ "पळ" असा घ्यायचा. मधून आवाज यायचा, "ओढा ना! थांबवा त्याला!" पाचव्या तासाला मी उतरले, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि परत गेले नाही. घरी सांगितलं, वेळ जमत नाही.

आठ महिन्यांनी एका मैत्रिणीने मुळशीच्या रस्त्याला असलेल्या एका लहानशा पागेचं नाव सुचवलं. चार घोडे, त्यांची देखभाल करणारे एक मोतद्दार मामा आणि शिकवणारी एक बाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. वजन किती, आधी कधी बसलात का, हे तिने नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "ताई, घोड्याजवळ गेल्यावर भीती शरीरात कुठे कळते?"

असं मला कधीच कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पोटऱ्यांत." ती म्हणाली, "बरं. मग आज पोटऱ्यांना काही करायला लावायचं नाही."

त्या दिवशी मी घोड्यावर बसले नाही. पुढचे तीन रविवारही नाही. मैना नावाच्या तपकिरी घोडीला खरारा करायचा, म्हणजे तिचं अंग घासून साफ करायचं, एवढंच काम. शिकवणारी ज्या क्रमाने शिकवत गेली तो सांगते, कारण त्यातच सगळं आहे. आधी कुंपणाबाहेर उभं राहून कान बघायचे. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. एक कान माझ्याकडे आणि एक मामांच्या बादलीकडे असेल तर तिचं मन त्या क्षणी दोन ठिकाणी आहे. मग आत जायचं, पण खांद्याच्या बाजूने. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. आपण प्रेमाने समोरून येऊन कपाळावर हात ठेवायला जातो तेव्हा नेमके त्या आंधळ्या जागेतून जातो. आणि पाठीमागून गेलं तर लाथ बसते ती रागाने नाही. न दिसणाऱ्या ठिकाणाहून काहीतरी आलं, एवढंच त्याला कळलेलं असतं. हा प्राणी लाखो वर्षं दुसऱ्याचं भक्ष्य होता. आधी पळायचं, मग विचार करायचा, हे त्याच्या हाडामांसात आहे.

दुसऱ्या रविवारी तिने डॉक्टरांचा असतो तसा स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. मैनाच्या डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे तो लावून मी घड्याळ बघत मोजलं: मिनिटाला 38. मग माझी नाडी मोजली: 104. "तिला तुमच्या भीतीचं काही वाटत नाहीये," ती म्हणाली, "तिला फक्त तुम्ही इथे आहात हे माहीत आहे." आधीच्या ठिकाणच्या त्या वाक्याने घातलेली गाठ त्या दोन आकड्यांनी सुटली. मी गणिताची शिक्षक; आकड्यावर माझा विश्वास बसतो.

तिथे दोन नियम होते. पहिला: "थांबूया" म्हटलं की थांबायचं, आणि का ते कोणी विचारायचं नाही. दुसरा: प्रत्येक तासाच्या सुरुवातीला भीतीचा आकडा सांगायचा, एक ते दहा. स्वतःचा आणि मैनाचाही, कान, नाकपुड्या, शेपटी बघून अंदाजाने. माझा आकडा सहाच्या वर असेल तर त्या दिवशी ठरवलेल्यापेक्षा लहान काहीतरी करायचं. नुसता आकडा मोठ्याने म्हटला तरी तो अर्ध्याने उतरायचा, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. लपवण्यात जी ताकद जात होती ती मोकळी होत असावी.

"थांबूया" हा नियम मी तपासूनही पाहिला. एका तासात तीनदा म्हटलं. पहिल्या दोन वेळा खरोखर भीती वाटली होती. तिसऱ्यांदा वाटली नव्हती. तिचा चेहरा पडतो का ते मला बघायचं होतं. तो पडला नाही. तिने मैनाला थांबवलं, आम्ही दोघी पाणी प्यायलो, पुन्हा सुरू केलं. त्यानंतर मला तो शब्द फार क्वचित वापरावा लागला. घरी येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, माझ्या वर्गातल्या मुलांना असा एकही शब्द मी दिलेला नाही. "बाई, बाथरूमला जाऊ का?" हाच त्यांचा "थांबूया" आहे, आणि त्यावर मी काय म्हणते, तर, "आत्ताच का आठवलं?"

पाचव्या आठवड्यात मी पहिल्यांदा मांड टाकली. तीही लगामाशिवाय. मैनाच्या मोरकीला, म्हणजे तोंडावर अडकवलेल्या साजाला, लांब दोरी, दोरीचं टोक शिकवणारीच्या हातात, आणि मी वर, दोन्ही हात मांड्यांवर. वेग आणि दिशा तिच्याकडे, माझ्याकडे फक्त बसणं. ती म्हणाली, "आता थांबायचं असेल तर काही ओढू नका. श्वास सोडा, पूर्ण, आणि खोगिरात जड व्हा." मी श्वास सोडला आणि मैना थांबली. त्या क्षणाबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही. आधीच्या जागी दोन्ही हातांनी ओढूनही जे झालं नव्हतं ते एका उच्छ्वासाने झालं होतं.

लगाम हातात आल्यावर शिकण्याचा खरा अवघड भाग सुरू झाला: सोडणं. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. पायाने हलकं दाबलं, त्याने एक पाऊल टाकलं, की त्याच क्षणी पाय सैल. अर्धा सेकंद उशीर झाला तर आपण त्याला "पाऊल टाकलंस तरी दाब राहतोच" असं शिकवलेलं असतं. मग तो पाऊल टाकणं सोडून देतो, आपण आणखी दाबतो, आणि लोक म्हणतात घोडा अडेल आहे. मामांची भाषा याहून साधी होती. "तिनं ऐकलं ना? मग आता तुम्ही ऐका."

मला हे फार जड गेलं. मी सोडायला कायम उशीर करत होते. त्याचं मूळ कुठे आहे ते मला माहीत होतं. मुलाला उदाहरण सुटलं की मी म्हणते, "हां, आता हे कर. आता हे. आता जरा अवघड." त्याला कळल्याचा जो एक क्षण असतो त्यात मी त्याला एकटं राहू देतच नाही.

नवव्या आठवड्यात मी पडले. रिंगणाच्या कोपऱ्यात चाऱ्यावर निळी ताडपत्री झाकलेली असायची. वाऱ्याने तिचं एक टोक सुटलं आणि फडफडलं, मैना एका उडीत बाजूला झाली आणि मी जिथे होते तिथेच, म्हणजे हवेत, राहिले. खाली वाळू होती, डोक्यावर हेल्मेट होतं, खांदा चार दिवस दुखला, एवढंच. पण लहानपणापासून ऐकलेलं वाक्य मला आतून ऐकू येऊ लागलं: पडलं की लगेच परत चढायचं, नाहीतर भीती कायमची बसते. मी उठून धडपडत रिकिबीकडे निघालेसुद्धा. तिने हात धरला. "आकडा?" मी म्हटलं, "नऊ." "आणि मैनाचा?" मैना लांब उभी होती, मान वर, नाकपुड्या फुगलेल्या. "आठ." "मग आठ आणि नऊ मिळून काय शिकणार?"

आम्ही वाळूत बसलो. मामांनी चहा आणला. मग मैनाला मोरकीने धरून मी पायी त्या कोपऱ्याकडे निघाले, तिला हवं तिथे थांबत. वीस पावलांवर ती थांबली. आम्ही उभ्या राहिलो. तिने मान खाली केली, फुरफुरली, ओठ चाटले. मग आणखी चार पावलं. ताडपत्रीला नाक लावायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. परत येताना ताडपत्री तिच्या दुसऱ्या बाजूला आली आणि ती पुन्हा दचकली. मी म्हटलं, "अगं, आत्ताच तर पाहिलीस!" शिकवणारी म्हणाली, "त्या बाजूने पाहिली. ही बाजू नवी आहे." मला माझी वाक्यं आठवली. "अरे, आत्ताच तर केलं हे गणित!" फक्त क्ष उजवीकडे गेलेला असतो.

पुढच्या तासांना त्या कोपऱ्याजवळ आले की मी ताठ व्हायचे आणि मैनाही ताठ व्हायची, वारा नसला तरी. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. घोडा घेऊन चालणाऱ्या आणि घोड्यावर बसलेल्या माणसांना त्यांनी शेवटच्या फेरीआधी सांगितलं, की आता वाटेत एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या घोड्यांचेही.

इथेच मला बर्लिनचा हान्स भेटला. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा हा घोडा बेरीज-वजाबाकी करायचा आणि खुराने टापा मारून उत्तर द्यायचा. 1904 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासलं, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने प्रयोग केले आणि 1907 मध्ये निष्कर्ष मांडला: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सला काही येत नव्हतं. बरोबर आकड्यापाशी टापा पोचल्या की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. फॉन ओस्टेन खोटं बोलत नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षं मनापासून शिकवलं होतं, आणि घोड्याने मनापासून शिकलं होतं ते त्यांना वाचायला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगा होता. उणे तीन वजा पाच किती, असं विचारलं की तो म्हणायचा, "दोन... नाही, उणे दोन... उणे आठ." आणि मी म्हणायचे, "शाब्बास!" दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बाकाच्या मागे उभी राहून, त्याला माझा चेहरा दिसणार नाही अशा जागेवरून तसंच गणित विचारलं. "दोन," तो म्हणाला. मी काहीच बोलले नाही. "उणे दोन." मी गप्प. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. पहिल्या जागी रिंगणाच्या मधोमध उभ्या असलेल्या शिक्षकांकडे मी तशीच बघत असे.

मी त्याच्या शेजारी बाकावर बसले. दोघांची तोंडं वहीकडे. खांद्याच्या बाजूने. मधल्या सुट्टीत वर्गाच्या फरशांवर खडूने संख्यारेषा काढली, शून्यावर त्याला उभं केलं. तो तीन फरशा मागे गेला. तिथून आणखी पाच मागे. खाली वाकून त्याने आकडा वाचला, "उणे आठ," आणि तिथेच उभा राहिला. माझ्या तोंडात पुढचं गणित आलं होतं. ते मी गिळलं. बराच वेळ तो फरशीकडे बघत होता, मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे मागे तोंड करूनच मागे जायचं होतं." मी कधीच या शब्दांत सांगितलं नसतं.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम आहे: मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. पहिला अर्धा भाग आम्हा शिक्षकांना पाठ आहे. मी कधी छडी उचलली नाही, आणि त्यामुळे माझा वर्ग सुरक्षित आहे असं मी धरून चालले होते. पण उत्तर चुकल्यावर माझी भुवई वर जायची. ते एकवीस वर्षांत कोणी सांगितलं नाही, बाविसाव्या वर्षी एका घोडीने सांगितलं.

मी वर्गात जे बदललं ते थोडंच आहे. बरोबर उत्तरालाही आणि चुकीलाही, दोन्हींना एकाच आवाजात "कसं केलंस?" विचारायचं. हे सोपं वाटतं, मला चार महिने लागले. कोणीही "पुढे" म्हटलं तर त्याची पाळी पुढे जाते आणि का ते मी विचारत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी "पुढे" म्हणून पाहिलं, मी रिंगणात पाहिलं होतं तसंच. आणि वहीत चुकलेली पायरी खोडायची नाही, तिच्याखाली रेघ मारून नवी लिहायची. त्याआधीच्या वह्या मी काढून पाहिल्या. खोडरबरने कागद इतका झिजला होता की काही पानांतून पलीकडचं दिसत होतं. बावीस वर्षं मी त्याला अस्वच्छता म्हणून गुण कापत होते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिक्षकखोलीत एक सहकारी म्हणाले, "अशानं मुलं डोक्यावर बसतील." पागेत गेले नसते तर मलाही तसंच वाटलं असतं. त्या बाईइतकी कडक शिक्षक मी पाहिलेली नाही. हेल्मेटचा पट्टा एका बोटाने सैल असेल तर ती रिंगणात पाऊल टाकू देत नाही. बसण्याआधी तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, स्वतः तपासायचा, प्रत्येक वेळी. घोड्याच्या मागून धावलेल्या एका मुलाला तिने तो पूर्ण तास कुंपणाबाहेर बसवलं, आवाज न चढवता. तिथे कशाला ना म्हणतील हे आधीच पक्कं ठाऊक असायचं, म्हणून बाकी सगळ्यात चुकायची भीती वाटत नसे.

अडचणी आहेत. माझ्या वर्गात 58 मुलं आहेत, तास 35 मिनिटांचा. पागेत ती होती आणि मी होते. प्रत्येकाच्या ताडपत्रीपाशी पंचवीस मिनिटं उभं राहायला मला जमत नाही, आणि कोणाजवळ उभी राहिले नाही ते मला रोज संध्याकाळी आठवतं. सहामाहीत वर्गाचे गुण फारसे वाढले नाहीत. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला शंभरपैकी 41 मिळाले. त्याच्या उत्तरपत्रिकेत मात्र एकही प्रश्न कोरा नव्हता. आधी असायचे.

ते जूनचं कोडं यंदा मी घातलं, पण उत्तर सांगून पुढे गेले नाही. विचारलं, घोडा आणखी कशामुळे अडत असेल? एक मुलगी म्हणाली, पायात काटा असेल. एक म्हणाला, पुढे साप दिसला असेल, माणसाला दिसला नसेल. तिसऱ्या बाकावरचा मुलगा आता आठवीत गेला आहे, नाहीतर त्याने काय सांगितलं असतं ते मला ऐकायचं होतं.

मागच्या रविवारी पागेत ठरलं होतं, रिंगणाबाहेर पडायचं. कालव्याच्या कडेची मातीची वाट, मोकळी, आणि तिथे पहिल्यांदाच दुडक्या चालीने जायचं. मी आठवडाभर त्याचाच विचार करत होते. मामांनी तंग कसला, मी पुन्हा तपासला. फाटकापाशी आल्यावर तिने नेहमीसारखं विचारलं, "ताई, आकडा?"

"सात."

"आणि मैनाचा?"

कान पुढे, मान सैल. "दोन."

"मग आज चालतच जाऊ," ती म्हणाली, आणि मामांनी फाटक उघडलं.